कामचुकार मास्तर

"मी स्वतःच शिकलोय हो, क्लासबिस काही नाही."

गिटार वाजवणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य दोन प्रसंगी येतं. वाजवणं बरं झालं की ते पदकासारखं छातीवर लावलं जातं. आणि वाजवणं फसलं की तेच वाक्य डॉक्टरच्या सर्टिफिकेटासारखं पुढे केलं जातं, म्हणजे गैरहजेरी माफ! मला या वाक्याचा राग येतो. मी स्वतः क्लासशिवाय शिकलेला असूनही येतो, किंवा असल्यामुळेच म्हणा ना.

आज त्या रागाबद्दल लिहायचं आहे. ज्यांना गिटारशी काही देणंघेणं नाही अशा नातेवाईक मंडळींनी (मावशी, तुलाच म्हणतोय) लगेच पळू नये. जो कुणी एकट्याने काही शिकायला बसलाय, मग ते पोहणं असो, पेटी असो की मोडी लिपी असो, त्याला हे लागू आहे. गिटार हे माझं उदाहरण, कारण मला तेवढंच कळतं.

राग यायचं ताजं कारण सांगून टाकतो. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी गिटार माळ्यावर टाकली. तीन वर्षं घरी बसून, व्हिडिओ बघून फिंगरस्टाईल शिकत होता. दिवाळीच्या फराळाला विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी चकलीचा तुकडा मोडत निकाल दिला, "अरे, गुरूशिवाय नसतं ते. आणि बोटांतच असावं लागतं मुळात." पोरगं हसलं आणि म्हणालं, "हो ना, माझ्या बोटांतच नाहीये." सगळ्यांनी मान हलवली आणि चिवड्याकडे वळले. एका मिनिटात एका मुलाची तीन वर्षं निकालात निघाली, आणि त्यात कुणालाच काही खटकलं नाही. मला खटकलं. त्या एका वाक्यात दोन दावे होते आणि दोन्ही तपासून बघण्यासारखे आहेत.

आधी फिंगरस्टाईल म्हणजे काय ते थोडक्यात. हातात पिक धरून सहाही तारांवरून खाली-वर हात फिरवणं, म्हणजे सहलीच्या बसमध्ये जे चालतं ते स्ट्रमिंग. फिंगरस्टाईलमध्ये उजव्या हाताची बोटं वेगवेगळी कामं करतात. ढोबळ नियम असा की अंगठ्याकडे वरच्या तीन जाड तारा. तर्जनीकडे तिसरी, मधल्या बोटाकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली म्हणजे सगळ्यात बारीक तार. करंगळी सुट्टीवर. अंगठा ठेका धरतो, बोटं त्यावर गाणं म्हणतात. डग्गा आणि पेटी एकाच माणसाने एकाच हाताने वाजवावी तसं काहीसं. ऐकायला सुंदर, करायला अवघड.

आता पहिला दावा. "गुरूशिवाय नसतं."

या कलेचा इतिहास काढला तर हे वाक्य टिकत नाही. मिसिसिपी जॉन हर्ट हा शेतमजूर नऊ-दहा वर्षांचा असताना आपला आपण गिटार शिकला. 1928 मध्ये त्याची काही ध्वनिमुद्रणं झाली, विकली गेली नाहीत, आणि तो परत शेतावर गेला. 1963 मध्ये जुन्या तबकड्यांच्या एका शौकिनाने त्याच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून त्याला शोधून काढलं तेव्हा हातात अंगठ्याचा तोच संथ, हलता ठेका शिल्लक होता. एलिझाबेथ कॉटन ही नॉर्थ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय मुलगी. लोकांकडे घरकाम करून साठवलेल्या पैशांतून तिने 3 डॉलर 75 सेंटची गिटार घेतली. ती डावखुरी होती, म्हणून तारा न बदलता गिटारच उलटी धरली. त्यामुळे तिचा अंगठा गाणं म्हणायचा आणि बोटं ठेका धरायची. सगळ्या जगाच्या बरोबर उलट! पुढे कित्येक वर्षं वाजवणं सुटलं, साठीच्या आसपास पुन्हा सुरू झालं, आणि 1985 मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. ऑस्ट्रेलियाचा टॉमी इमॅन्युएल तर आपल्या काळातला. त्याला आजही स्वरलिपी वाचता येत नाही. सात वर्षांचा असताना रेडिओवर चेट ॲटकिन्सची गिटार ऐकली आणि हे एकच माणूस वाजवतोय यावर न थांबता ते कसं वाजतं याच्या मागे लागला. 1999 मध्ये खुद्द ॲटकिन्सनेच त्याला आपल्या हाताने मानाची पदवी दिली.

म्हणजे गुरू समोर बसलेला नसताना ही विद्या येते. अनेकांना आली आहे. ज्येष्ठांचा पहिला दावा इथे संपला.

पण थांबा, इतक्यात टाळ्या नकोत. कारण ही नावं ऐकली की आमची स्वयंशिक्षित जमात सगळ्यात जास्त खूष होते, आणि माझं खरं भांडण या जमातीशीच आहे. "बघा, टॉमीला कुठे नोटेशन येतं? कॉटनबाईंनी कुठे हाताची पद्धत पाळली? वेस मॉन्टगोमेरी नुसत्या अंगठ्याने वाजवायचा. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी होती. तंत्रबिंत्र सब झूठ, भावना महत्त्वाची." हे असं बोलणं म्हणजे थोर माणसांच्या खांद्यावरून आपला आळस पलीकडे टाकणं आहे.

या माणसांनी नेमकं काय केलं ते बघा. जँगोचा हात 1928 मध्ये गाडीला लागलेल्या आगीत भाजला. त्यानंतर राहिलेल्या दोन बोटांनी धावायचं कसं, याचं एक अख्खं नवं तंत्र त्याने बसवलं. म्हणजे ज्याच्या नावाने तंत्राची टिंगल केली जाते, त्या माणसाला तंत्राचा विचार तुमच्या-माझ्यापेक्षा दुप्पट करावा लागला होता. ॲटकिन्सची गोष्ट त्याहून बोलकी. पोरवयात त्याने रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिसला ऐकलं. ट्रॅव्हिस वाजवायचा अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी. ॲटकिन्सला ते दिसणार कसं? त्याने कानावरून अंदाज बांधला की एवढं सगळं वाजवायला अंगठा आणि आणखी दोन-तीन बोटं लागत असणार, आणि तसा हात तयार केला. आता विचार करा, दोन बोटांच्या वाजवण्यात चार बोटांचं काम ऐकू येण्याइतकं बारकाईने ऐकायचं म्हणजे कान किती लावला असेल! आणि हा ट्रॅव्हिस तरी कुठे आभाळातून पडला होता? केंटकीतल्या मुह्लेनबर्ग परगण्यात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या शेजारच्या वादकांचा अंगठा बघून बघून तो शिकला. त्या दोघांनी तो आणखी कुणाकडून उचलला होता.

आपल्याकडे अशा वेळी हटकून एकलव्य येतो. प्रत्येक स्वयंशिक्षित माणूस स्वतःला एकलव्य समजतो. पण गोष्ट नीट आठवा. एकलव्याने आधी काय केलं? मातीची मूर्ती केली. समोर कुणी नसताना, आपल्याकडे कुणीतरी बघतंय अशी सोय त्याने स्वतःच करून घेतली, आणि मग बाण मारला. आमच्या मंडळींना एकलव्याचं जंगल हवं आहे, मूर्ती नको आहे. (अंगठा जाण्याचा भाग तर फिंगरस्टाईलवाल्याने आठवूच नये.)

तर माझा मुद्दा एवढाच आहे. स्वतः शिकणाऱ्याला मास्तर नसतो हे खोटं आहे. त्याला मास्तर असतो, तो स्वतःच. आणि बहुतेकांचा हा मास्तर पक्का कामचुकार असतो. विद्यार्थी बिचारा रोज दोन-दोन तास खपतो, बोटांना घट्टे पडतात. मास्तर मात्र खुर्चीत पेंगत असतो. मग तीन वर्षांनी विद्यार्थी म्हणतो, "माझ्या बोटांतच नाही." आणि मास्तर यावर मान डोलावतो, कारण यात त्याचीही सुटका होते.

चांगला मास्तर करतो काय? मला तरी तीनच कामं दिसतात. तो ऐकतो. तो थांबवतो. आणि आधी काय, नंतर काय हे ठरवतो. बाकी दरारा, मूड, गुरुपौर्णिमेचा हार हे सगळं वरचं. या तीन कामांपैकी एकही असं नाही की जे दुसऱ्याच माणसाने करायला हवं. पण ते कुणीतरी करायला हवं.

ऐकण्याचंच घ्या. वाजवताना आपण ऐकत नाही, आपण आठवत असतो. पुढची कॉर्ड कुठली, बोट कुठे, यात डोकं गुंतलेलं असतं आणि कानात मूळ गाणं वाजत असतं, आपलं नाही. यावर इलाज प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर हात अजून वकिली करत असतात. दुसऱ्या दिवशी ऐकताना तीन प्रश्न विचारा. गाण्याचे सूर अंगठ्याच्या ठेक्यापेक्षा ठळक आहेत का? सोप्या जागी लय पळते आणि अवघड जागी बसते का? कुठला सूर त्याची वेळ व्हायच्या आधीच मरतोय? या तिन्हींची उत्तरं ऐकायला संगीत विशारद असावं लागत नाही. मावशी, तू ऐकलंस तरी तुला कळेल.

थांबवण्याचं काम सगळ्यात जास्त चुकवलं जातं. तुम्ही कुणालाही घरी सराव करताना ऐका. पहिल्यापासून सुरू, आठव्या बारपाशी अडखळला, "च्च" केलं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा आठव्यापाशी अडखळला. वीस वेळा हे झालं की पहिले सात बार घोटून गुळगुळीत झालेले असतात, आणि आठवा जिथे होता तिथेच. म्हणजे येत होतं त्याचा सराव झाला. उलट, चुकायचा सराव वीस वेळा झाला! मास्तर जागा असता तर दुसऱ्याच खेपेला म्हणाला असता, थांब. फक्त आठवा बार. फक्त सातव्याच्या शेवटच्या दोन मात्रा आणि आठव्याची पहिली. कारण अडचण बहुतेक वेळा सुरात नसते, एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्यात असते. डावा हात कॉर्ड बदलताना सगळी बोटं हवेत उडवतो आणि मग नव्याने उतरवतो. त्याऐवजी कुठलं बोट जागच्या जागी राहू शकतं, कुठलं त्याच तारेवरून नुसतं सरकवता येतं, हे बघण्यात दहा मिनिटं घालवली तर दहा दिवस वाचतात.

आणि हळू. हळू म्हणजे खरंच हळू, मेट्रोनोमवर मिनिटाला पन्नास ठोके. यावर लोक म्हणतात, इतकं हळू वाजवलं की गाणंच वाटत नाही. अहो, वाटूच नये! मला गंमत वाटते ती आपल्या घरांची. ज्या घरात तबल्याचा एकच कायदा महिनोन् महिने ठाय लयीत बडवला जातो, पेटीवर तेच ते पलटे रोज सकाळी चालतात आणि "रियाज आहे" म्हणून सगळे कौतुकाने सहन करतात, त्याच घरात गिटार आली की पहिल्या रविवारी फर्माईश होते, "एखादं गाणं वाजव की." गिटारला रियाज असतो हे आपल्याला अजून पटलेलं नाही. ती आपल्या लेखी कॉलेजच्या गॅदरिंगची वस्तू आहे.

तिसरं काम क्रम ठरवण्याचं. इथे आंतरजालाने आमच्या जमातीचं जितकं भलं केलं तितकंच वाटोळं केलं. हवं ते गाणं, हवा तो टॅब, वेग अर्धा करायची सोय, सगळं फुकट. त्यामुळे भाच्याच्या यादीत चौदा गाणी होती आणि चौदाही पहिल्या मिनिटापर्यंत येत होती. त्यात पुन्हा "दहा दिवसांत फिंगरस्टाईल" विकणारे. दहा दिवसांत एखादं गाणं पाठ होईल, पण हात तयार होत नाही. हात तयार करण्याचा क्रम मात्र दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे आणि तोही आता फुकट मिळतो. मौरो जुलियानीने 1812 मध्ये उजव्या हातासाठी 120 छोटे अभ्यास छापले. डाव्या हाताने सी आणि जी-सेव्हन या दोनच कॉर्ड आलटून पालटून धरायच्या, म्हणजे त्याच्याकडे लक्ष द्यावं लागू नये, आणि उजव्या हाताने बोटांच्या क्रमाचे 120 प्रकार करायचे. नुसता पलट्यांचा खजिना. मात्तेओ कारकासीचे 25 अभ्यास आहेत, त्यांतल्या तिसऱ्यात अनामिकेने गाणं वर तरंगत ठेवायचं आणि बाकी बोटांनी खाली झुळझुळत राहायचं. एवढा एक जरी नीट झाला तरी "गाणं ठळक, साथ हलकी" हा धडा आयुष्यभराचा होतो.

आता दुसरा दावा. "बोटांतच असावं लागतं."

मंडळी, जरा हात टेबलावर उपडा ठेवा. मधलं बोट आत दुमडून त्याचं मधलं पेर टेबलाला टेकवा, बाकी बोटं सरळ. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलला जातो, तर्जनी, करंगळीही. आता अनामिका उचलून दाखवा. नाही ना उचलत? तुमची नाही, माझी नाही, थोरामोठ्यांची नाही. हाताच्या पाठीवर बोटं उचलणाऱ्या ज्या शिरा म्हणजे स्नायुबंध असतात, ते मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचे एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेले आहेत. मधलं बोट अडकवलं की अनामिका अडकते. म्हणजे "माझ्या बोटांत नाही" हे खरंच आहे, फक्त ते सगळ्या मनुष्यजातीबद्दल खरं आहे.

आणि ही अडचण ओळखून जुन्या उस्तादांनी आपापले मार्ग काढले, ते चक्क परस्परविरोधी आहेत. फर्नांदो सोरने 1830 च्या आपल्या पुस्तकात सांगितलं की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर काम चालवावं, अनामिका गरजेपुरतीच घ्यावी. जुलियानीने त्याच अनामिकेला 120 अभ्यासांत कामाला जुंपलं. ट्रॅव्हिसने तिला घरीच बसवलं. तिघेही थोर. नखांचंही तसंच. सोर नखांशिवाय वाजवायचा, त्याचा मित्र दिओनिसिओ अग्वादो नखं वाढवून. सोरने दोघांनी मिळून वाजवायला एक युगुलवादन लिहिलं, त्याचं नावच 'दोन मित्र'! म्हणजे "योग्य पद्धत" एकच नाही. पण यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या हाताकडे बघून निर्णय घेतला होता. आमच्याकडे निर्णयच नसतो. आज तर्जनी, उद्या अनामिका, जे बोट जवळ असेल ते. चुकीच्या पद्धतीपेक्षा रोज बदलणारी पद्धत जास्त नुकसान करते, कारण हाताला सवय कशाचीच लागत नाही.

बोटांत जे "असावं लागतं" म्हणतात त्यातलं बरंचसं असं साधं, तपासता येण्यासारखं असतं. चार गोष्टी सांगतो.

अंगठा आधी. अंगठा मनगटाजवळच्या सांध्यातून हलतो का नुसतं टोक वाकतं, हे बघा. टोक वाकत असेल तर आवाज पातळ येतो आणि हात लवकर दमतो. मग नुसता ठेका, पाचवी-चौथी, पाचवी-चौथी, बोटं गप्प. तो कधी पक्का झाला समजायचं? ठेका चालू असताना घरात कुणीतरी "कोथिंबीर आणलीस का?" विचारल्यावर ठेका न सोडता उत्तर देता आलं की. (आमच्याकडे ही परीक्षा रोज होते.) त्यानंतर ठेक्याच्या बरोबर एक सूर, मग दोन ठेक्यांच्या मधे एक सूर. या क्रमाला फाटा नाही.

दुसरं, ताण. डाव्या हाताने तार किती जोरात दाबायची? बोट तारेवर नुसतं टेकवा, फ्रेटच्या अगदी मागे. तार छेडत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. खरखर जाऊन सूर स्वच्छ झाला की थांबा. लागतो तो एवढाच दाब. बहुतेक लोक याच्या दुप्पट दाबतात आणि वर म्हणतात हात दुखतो.

तिसरं, गप्प करणं. सूर वाजवायला सगळे शिकतात, थांबवायला कुणी शिकत नाही. कॉर्ड बदलली तरी आधीचा जाड सूर गुणगुणत राहतो आणि सगळा चिखल होतो. तळहाताची कड घोडीपाशी जाड तारांवर अलगद ठेवली की ठेका टुक-टुक असा आवरलेला येतो आणि वरचं गाणं मोकळं होतं. ट्रॅव्हिसचा तो प्रसिद्ध आवाज यातूनच येतो.

चौथं, गिटार. नाचता येईना अंगण वाकडं, हे खरं. पण कधीकधी अंगण खरोखर वाकडं असतं हो! बाराव्या फ्रेटपाशी जाड तार साधारण अडीच मिलिमीटर वर असावी. स्वस्तातल्या कित्येक गिटारींमध्ये ती चार-पाचवर असते. अशा गिटारीवर कॉर्ड धरणं म्हणजे व्यायामशाळा. दुरुस्तीवाल्याकडून ती खाली करून घ्यायला फारसे पैसे लागत नाहीत. माळ्यावरच्या गिटारची तार मी पट्टीने मोजली. साडेचार भरली. तीन वर्षं ते पोरगं तिच्याशी झुंजत होतं आणि निकाल बोटांच्या विरुद्ध लागला.

आता गुरुवाद्यांच्या बाजूने दोन गोष्टी, कारण भांडतानाही हिशेब सरळ असावा. एक म्हणजे दुखणं. बोटांच्या टोकांना सुरुवातीला दुखतं, ते चालतं. मनगट, कोपराखालचा भाग किंवा अंगठ्याचं मूळ दुखलं, मुंग्या आल्या, बोट बधिर झालं तर वाजवणं बंद आणि थेट डॉक्टर. तिथे स्वतः शिकण्याची मिजास नको. दुसरं म्हणजे, वर्षातून दोन-तीनदा एखाद्या जाणकारासमोर तासभर बसता आलं तर जरूर बसावं. तो पहिल्या पाच मिनिटांत तुमचा उचललेला खांदा बघेल, जो तुम्हाला आरशाशिवाय दिसणार नाही. पण "क्लास लाव" हे सरसकट उत्तर मला मान्य नाही. गावोगावचे बरेचसे क्लास कॉर्ड आणि स्ट्रमिंगवर चालतात. मी चौकशी केलेल्या एका क्लासात "फिंगरस्टाईल येतं का?" विचारल्यावर सरांनी पिक बाजूला ठेवून त्याच कॉर्ड बोटांनी खाजवून दाखवल्या आणि वर सहा महिन्यांची फी आगाऊ मागितली. मास्तर तिथेही पेंगतच होता, फक्त पगारी होता.

एक शंका मला माहीत आहे. "हौसेसाठी वाजवतो रे, एवढी चिरफाड कशाला? मजा जाते." मजा कशाने जाते ते मी बघितलं आहे. तीन वर्षं दोन-दोन तास देऊन एकही गाणं शेवटपर्यंत येत नाही, याने मजा जाते. हौशी माणसाकडे वेळ कमी असतो, म्हणून त्यालाच तंत्राची गरज जास्त. धंदेवाईक वादक दिवसाला सहा तास वाजवून एखादी ढिलाई पचवेलही. ऑफिसातून येऊन, भांडीकुंडी आवरून रात्री अर्धा तास मिळणाऱ्याला ती परवडत नाही.

तेव्हा त्या अर्ध्या तासाचा माझा हिशेब असा. पाच मिनिटं नुसता अंगठा. दहा मिनिटं जुलियानीतले दोन प्रकार, मेट्रोनोमवर, आवाज सारखा येईपर्यंत. दहा मिनिटं एकाच गाण्यातल्या एकाच अडलेल्या जागेवर, आणि ती जागा आदल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगवरून ठरवलेली. शेवटची पाच मिनिटं काय वाटेल ते, जोरात, चुकत, मजेत. त्या पाच मिनिटांत मास्तरलाही सुट्टी. पण आधीची पंचवीस मिनिटं त्याने खुर्चीत सरळ बसायचं, कान उघडे ठेवायचे आणि गरज पडेल तिथे "थांब" म्हणायचं.

एवढं सहा महिने करून बघा आणि मग बोटांत काय आहे, काय नाही ते बोला. त्याआधी कुणाच्याही बोटांचा निकाल लावायचा अधिकार कुणालाच नाही. फराळाच्या ताटावर तर नाहीच.